तांबडे औषध

पायात काटा मोडणे, बोटाला सुई टोचणे, खेळताना गुडघा फुटणे, ह्या गोष्टी प्रत्येक मुलाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतातच. जखम धुऊन तीवर औषध लावले, की चार दिवसांत खपली धरते आणि आपण ती विसरूनही जातो. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी अशी क्षुल्लक जखमही कधी कधी प्राणावर बेतत असे. जखम चिघळे, हात सुजे, तांबडी रेघ दंडापर्यंत चढे आणि थंडी वाजून ताप भरे. मग आईबापांच्या डोळ्यांदेखत एखादे धडधाकट मूल रुग्णालयाच्या खाटेवर मान टाकी. डॉक्टर उशाशी उभे असत. पण त्यांच्यापाशी खात्रीचा उपाय नसे. ही असहायता ज्यांच्या परिश्रमांमुळे दूर होऊ लागली, त्या गेरहार्ट डोमाक ह्या जर्मन शास्त्रज्ञाचे हे चरित्र आहे.

ह्या दुखण्याच्या मुळाशी पुष्कळदा एक अतिसूक्ष्म जंतू असतो. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता ह्या जंतूंचे वाटोळे मणी एकापुढे एक ओवल्यासारखे दिसतात. म्हणून त्यांना मराठीत मालागोलाणू असे नाव मिळाले आहे. त्यांचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकोकस. त्यांच्या अनेक जाती आहेत. काही जाती आपल्या तोंडात व आतड्यांत निरुपद्रवीपणे राहतात. काहींमुळे घसा सुजतो. काही मात्र फार घातक ठरतात. आपली कातडी ही शरीराची तटबंदी होय. ह्या तटाला जखमेचे खिंडार पडले, की जंतू आत शिरतात. शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात व बहुधा त्यांचा पाडावही करतात. पण जंतूंची सरशी झाली आणि ते रक्तात मिसळले, म्हणजे रक्ताबरोबर ते हृदय, फुप्फुसे, सांधे व मेंदू येथपर्यंत जाऊन पोहोचतात. तान्ही बालके आणि दुसऱ्या आजाराने आधीच खंगलेली मुले ह्यांना हा धोका अधिक असतो.

गेरहार्ट डोमाक ह्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८९५ रोजी लागोव ह्या लहानशा गावी झाला. हे गाव तेव्हा जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात होते. आज ते पोलंड देशात आहे. त्यांचे वडील शिक्षक होते. घरची राहणी साधी होती. पण विद्येची आवड घरातच होती. शालेय शिक्षण संपल्यावर गेरहार्ट वैद्यकाच्या अभ्यासासाठी कील येथील विद्यापीठात दाखल झाले. अभ्यासाला नुकता कोठे आरंभ झाला होता, तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. त्या वेळच्या असंख्य तरुणांप्रमाणे त्यांनीही पुस्तके मिटली आणि ते सैन्यात भरती झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात रणांगणावर ते जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांना वैद्यकीय पथकात घेण्यात आले आणि पूर्व आघाडीवरील सैनिकी रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांना जे दृश्य दिसले, ते त्यांच्या मनावर जन्मभर कोरलेले राहिले. शस्त्रवैद्य रात्रंदिवस खपून गोळ्या काढीत, तुटलेले अवयव शिवीत, रक्तस्राव थांबवीत. शस्त्रक्रिया उत्तम पार पडे. सैनिक वाचला असे वाटे. आणि दोनचार दिवसांनी जखमेत पू होई, ती सडू लागे, ताप चढे व तोच सैनिक दगावे. शत्रूच्या गोळीतून वाचलेली माणसे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना बळी पडत होती. पटकीच्या साथीतही त्यांनी हेच पाहिले. वैद्यकाचा हा पराभव त्या तरुणाच्या जिव्हारी लागला. आपले आयुष्य ह्या अदृश्य शत्रूशी लढण्यात वेचावे, ही ओढ त्यांच्या मनात तेथेच निर्माण झाली.

युद्ध संपल्यावर डोमाक कीलला परत आले आणि १९२१ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पुढे ग्राइफ्सवाल्ड आणि म्युन्स्टर येथील विद्यापीठांत त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन व संशोधन केले. रोगामुळे शरीरात कोणते बदल घडतात, ह्याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. उंदरांवर प्रयोग करीत असता एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. जंतू आधीच दुबळे झालेले असतील, तर शरीरातील भक्षक पेशी त्यांना झपाट्याने गिळून टाकतात. ह्यावरून त्यांनी एक धागा पकडला. औषधाने एकट्याने सर्व जंतूंचा संहार केलाच पाहिजे असे नाही. त्याने जंतूंना नुसते हतबल केले, तरी उरलेले काम शरीर स्वतःच पुरे करील.

१९२७ साली त्यांना एल्बरफेल्ड येथील रंग व औषधे बनविणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बोलावणे आले. एल्बरफेल्ड हा आज वुपर्टाल ह्या जर्मन शहराचा भाग आहे. रंगांच्या कारखान्यात रोगांवरील औषध शोधावयाचे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण त्यामागे विचार होता. काही रंग लोकरीच्या धाग्यांना असे घट्ट चिकटतात, की कितीही धुतले तरी सुटत नाहीत. काही रंग जंतूंनाही तसेच चिकटतात. तेव्हा जंतूंना चिकटून त्यांना जेरीस आणील, पण माणसाच्या शरीराला अपाय करणार नाही, असा एखादा रंग सापडला तर? हीच आशा घेऊन ह्या प्रयोगशाळेतील मंडळी कामाला लागली होती.

योझेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीच हे दोन रसायनशास्त्रज्ञ नवनवी रंगद्रव्ये तयार करीत आणि डोमाक त्यांची परीक्षा घेत. ही परीक्षा ते काचेच्या नळीतील जंतूंपुरती ठेवीत नसत. उंदरांच्या शरीरात मालागोलाणूंचा अत्यंत मारक वाण टोचून, मग ते औषध देऊन पाहत. आजारी जिवाच्या शरीरात जे घडते तेच खरे, असा त्यांचा आग्रह होता. एकामागून एक द्रव्ये येत आणि निरुपयोगी ठरून बाजूला पडत. महिने लोटले, वर्षे लोटली. उंदीर मरतच होते. दररोज अपयशाची नोंद वहीत करावयाची आणि दुसऱ्या दिवशी त्याच उमेदीने नवे द्रव्य हाती घ्यावयाचे, असा क्रम पाच वर्षे चालू राहिला.

१९३२ सालच्या डिसेंबर महिन्यात एक तांबडे रंगद्रव्य डोमाक ह्यांच्या हाती आले. २० डिसेंबर रोजी त्यांनी २६ उंदरांना जंतू टोचले. त्यांपैकी १२ उंदरांना त्यांनी ते तांबडे द्रव्य दिले. उरलेल्या १४ उंदरांना काहीच दिले नाही. चार दिवसांच्या आत ते १४ उंदीर मरून गेले. ज्यांना औषध दिले होते, ते बाराही उंदीर मात्र जिवंत होते! डोमाक ह्यांनी हर्षभरित होऊन लगेच गाजावाजा केला नाही. त्यांनी प्रयोग पुनःपुन्हा केले. हेच तांबडे द्रव्य पुढे प्रोंटोसिल ह्या नावाने प्रसिद्ध झाले.

औषधाने उंदीर वाचला म्हणजे माणूस वाचेल असे नाही. म्हणून हे औषध निरनिराळ्या रुग्णालयांतील डॉक्टरांकडे पाठविण्यात आले. १९३३ साली ड्युसेलडॉर्फ येथील डॉक्टरांनी रक्तात जंतू पसरलेल्या एका दहा महिन्यांच्या बालकाला ते दिले आणि आशा सोडलेले ते बालक बचावले. त्या बालकाच्या रक्तातील जंतू मालागोलाणूंहून वेगळ्या जातीचे होते. तरी औषधाने आपला गुण दाखविला होता. अशी माहिती पुरेशी जमल्यावरच, म्हणजे १९३५ सालच्या फेब्रुवारीत, डोमाक ह्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला. पुष्कळ डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसेना. शरीरात पसरलेल्या अशा जंतूंवर पोटात घेण्याचे औषध चालेल, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना असंभाव्य वाटत असे.

त्याच वर्षी डिसेंबरात, नाताळचा सण जवळ आला असता, डोमाक ह्यांच्या घरावर संकट कोसळले. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी होती. मुलीचे नाव हिल्डेगार्ड. ती सहा वर्षांची होती. हातात सुई घेऊन जात असताना ती जिन्यावर पडली आणि सुई तिच्या हातात शिरली. रुग्णालयात नेऊन सुई काढण्यात आली. पण जखमेतून मालागोलाणू आत गेले होते. हात सुजला. पू भरू लागला. डॉक्टरांनी पुनःपुन्हा चिरा देऊन तो काढला. तरी सूज वर चढतच गेली. तापाने मुलगी निपचित पडली. हाताचा विषार सर्व अंगात भिनेल व मुलगी हातची जाईल, ही भीती डॉक्टरांना वाटू लागली. जीव वाचवावयाचा तर हातच कापावा लागेल, अशी वेळ येऊन ठेपली.

त्या पित्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल! ज्या जंतूंशी तो इतकी वर्षे झुंजत होता, तेच जंतू आता त्याच्या लाडक्या लेकीच्या अंगात थैमान घालीत होते. युद्धातील रुग्णालयांत जे पाहिले, तेच स्वतःच्या घरात पुन्हा पाहावयाचे काय? औषध नवे होते. ते कोणाला किती द्यावे, ह्याचा अनुभव अजून तोकडाच होता. ते न द्यावे तर मुलीचा हात किंवा प्राणच जाणार. द्यावे तर पुढे काय होईल ह्याची पूर्ण हमी नाही. मात्र डोमाक अंधारात उडी घेत नव्हते. बारा उंदरांपासून निरनिराळ्या रुग्णालयांतील रुग्णांपर्यंतचा सारा पुरावा त्यांच्यासमोर होता. त्या पुराव्यावर विसंबून त्यांनी आपल्या मुलीला प्रोंटोसिलच्या मोठ्या मात्रा देण्यास सुरुवात केली. ताप उतरला. सूज ओसरली. हिल्डेगार्डचा प्राण वाचला आणि तिचा हातही वाचला.

पुढे ही हकीकत जगभर सांगितली जाऊ लागली. सांगता सांगता ती थोडी बदललीही. हे औषध घेणारी हिल्डेगार्ड हीच पहिली रुग्ण, असे काही जण मानू लागले. ते खरे नाही. तिच्याआधी अनेक अनोळखी रुग्णांना हे औषध मिळाले होते आणि त्यांच्या अनुभवामुळेच तिच्या पित्याला धीर आला होता. परक्यांच्या मुलांसाठी केलेली धडपड शेवटी स्वतःच्या मुलीच्याही उपयोगी पडली, हेच ह्या हकीकतीचे खरे मर्म होय.

ह्या औषधाचे एक कोडे मात्र अजून सुटले नव्हते. उंदराच्या शरीरात प्रभावी ठरणारे प्रोंटोसिल काचेच्या नळीतील जंतूंवर मुळीच परिणाम करीत नसे. असे का व्हावे? १९३५ सालीच पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी ह्याचे उत्तर शोधून काढले. प्रोंटोसिल शरीरात गेले, की त्याचे दोन भाग होतात. त्यांपैकी एक भाग निरुपयोगी असतो. खरे औषध म्हणजे दुसरा, रंगहीन भाग. त्याचे नाव सल्फानिलामाइड. हे द्रव्य १९०८ सालीच व्हिएन्ना येथे पाउल गेल्मो ह्यांनी तयार केले होते. म्हणजे सत्तावीस वर्षे संजीवनी माणसाच्या हाताशी होती, पण तिचा गुण कोणालाच ठाऊक नव्हता. डोमाक ह्यांनी केवळ काचेच्या नळीवर भरवसा ठेवला असता, तर त्यांनीही ते तांबडे द्रव्य टाकूनच दिले असते.

हे द्रव्य जंतूंना कसे जेरीस आणते, तेही पुढे १९४० साली उमगले. जंतूंना वाढीसाठी एक पोषक द्रव्य तयार करावे लागते. ते ज्या पदार्थापासून बनते, त्याच्याशी सल्फानिलामाइडचे विलक्षण साम्य आहे. पीठ समजून कोणी चुनखडी मळावयास घ्यावी आणि त्याची भाकरी होऊच नये, तशी जंतूंची फसगत होते. त्यांची वाढ खुंटते आणि मग शरीरातील भक्षक पेशी त्यांचा समाचार घेतात. डोमाक ह्यांनी तरुणपणी जो धागा पकडला होता, तो असा खरा ठरला.

आता ह्या औषधाची कीर्ती देशोदेशी पसरली. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात बाळंतरोगाने स्त्रिया मरत. त्या रोगाचे प्रमुख कारणही मालागोलाणूच होते. तेथे अशा दर चार रुग्ण स्त्रियांमागे सुमारे एक दगावत असे. १९३६ साली डॉक्टर लेनर्ड कोलब्रुक ह्यांनी प्रोंटोसिल दिलेल्या पहिल्या ३८ स्त्रियांपैकी फक्त ३ दगावल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांचा तरुण मुलगा घशाच्या अशाच दुखण्यातून ह्या औषधाने बरा झाला आणि वृत्तपत्रांनी ही वार्ता घरोघर पोहोचविली. ह्या कुळातील अनेक नवी औषधे निघाली. त्यांना सल्फा औषधे म्हणतात. मुंबईच्या हाफकीन संस्थेतही साहेबसिंग सोखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फा औषधांचा प्लेगवर उपयोग करून पाहिला.

परंतु औषध म्हणजे खेळणे नव्हे. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड एका विषारी द्रवात विरघळवून त्याचे गोड औषध विकले. ते कोणत्याही प्राण्यावर तपासून पाहिलेले नव्हते. त्यामुळे शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत कितीतरी लहान मुले होती. ह्या दुर्घटनेनंतर, १९३८ साली, विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध केलीच पाहिजे, असा कायदा तेथे झाला. डोमाक ह्यांनी दोन वर्षे थांबून जी कसोटी लावली होती, तिचे मोल ह्या घटनेने सर्वांना पटले.

१९३९ साली डोमाक ह्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पण त्या वेळी जर्मनीत हिटलरची जुलमी राजवट होती. हिटलरच्या एका विरोधकाला नोबेल शांतता पारितोषिक दिले गेले, म्हणून रागावून त्याने जर्मन नागरिकांना नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास मनाई केली होती. डोमाक ह्यांना गुप्त पोलिसांनी पकडले, सुमारे एक आठवडा डांबून ठेवले आणि पारितोषिक नाकारणाऱ्या पत्रावर सही करावयास लावली. लाखो लोकांचे प्राण वाचविणाऱ्या माणसाला त्याच्याच देशात मिळालेला हा बहुमान! दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, स्टॉकहोम येथे त्यांना सन्मानपत्र व पदक मिळाले. पारितोषिकाची रक्कम मात्र तोवर नियमानुसार परत गेली होती. त्यांनी त्याची खंत करीत न बसता क्षयरोगावरील औषधांच्या संशोधनात स्वतःला वाहून घेतले. २४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सल्फा औषधांनंतर पेनिसिलिन आले आणि मालागोलाणूंवर ते अधिक गुणकारी ठरले. घसा व जखमा दूषित करणाऱ्या घातक मालागोलाणूंवर पेनिसिलिन आजही उपयोगी पडते. तरीही हा शत्रू नाहीसा झालेला नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या काही मुलांच्या रक्तात आजही हे जंतू सापडतात. फरक इतकाच, की आज डॉक्टर रक्ताचा थेंब तपासून जंतू ओळखतात, शिरेतून औषध देतात आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक मुले हसतखेळत घरी परततात. येथे वेळेला फार महत्त्व आहे. म्हणून जखम स्वच्छ धुवावी. ती लाल होऊन सुजू लागली, वेदना वाढू लागली किंवा ताप आला, तर भिऊन किंवा लाजून लपवू नये; तत्काळ वडीलधाऱ्यांना सांगावे. डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच सोडू नये आणि त्यांच्या सल्ल्यावाचून घेऊही नये.

डोमाक ह्यांच्यापाशी जादूची कांडी नव्हती. होती ती सैनिकांच्या खाटांशेजारी जागी झालेली करुणा, अपयशाने न खचणारी चिकाटी आणि पुराव्यावाचून काही न बोलण्याची सचोटी. ह्या तीन गुणांच्या बळावर त्यांनी मरणाच्या दारातून मुले परत आणण्याची वाट दाखविली. त्या वाटेने आजवर किती मुले घरी परतली, ह्याची गणती कोणी करू शकणार नाही.